भंगारवाले ठोसरसाहेब

ठोसरसाहेब आमच्या घरी यायचे तेव्हा आधी नमस्कार करायचे नाहीत. शर्टाच्या खिशातून दोरीला बांधलेलं लोहचुंबक काढायचे आणि समोर दिसेल त्याला लावून बघायचे. दाराच्या कडीला लावायचे, चहाच्या ट्रेला लावायचे, एकदा तर आमच्याकडे आलेल्या माझ्या साडूंच्या पट्ट्याच्या बक्कलला लावलं. चिकटलं तर "लोखंड!" नाही चिकटलं तर डोळे बारीक करून "अच्छा!" आणि मग खुर्चीत बसायचे.

"माणसं बोलतात खोटं," ते म्हणायचे. "चुंबक नाही बोलत जी."

या खरं बोलणाऱ्या चुंबकानं आमच्या घरात एकदा चांगलीच आग लावली. शोभाला, म्हणजे माझ्या बायकोला, लग्नात तिच्या मावशीनं समई दिलेली. अस्सल पितळेची, वजनदार. ती मी लखनौच्या बदलीत मांडीवर घेऊन आणलेली. ठोसरसाहेबांनी सहज चुंबक लावलं आणि ते टक्कन चिकटलं. वरून पितळेचा मुलामा, आत लोखंड! शोभा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मावशी तिची, चुंबक ठोसरसाहेबांचं आणि अबोला माझ्याशी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी.

मी सबनीस. लखनौमधल्या मानकनगरच्या रेल्वे कॉलनीत राहतो, रेल्वेच्याच ऑफिसात हिशेब तपासतो आणि उरलेला वेळ घाबरतो. ठोसरसाहेब आमच्याच इथे धातू तपासायच्या लॅबमध्ये इंजिनिअर होते. रिटायर झाल्यावर इथली मराठी माणसं सामान बांधतात आणि गाव गाठतात. ठोसरसाहेब अमरावतीचे. पण क्वार्टर सोडल्यावर त्यांनी कॉलनीच्या गेटाबाहेर, भिंतीला लागूनच एक खोली भाड्यानं घेतली आणि तिथे राहून भंगार गोळा करायला सुरुवात केली.

कॉलनीत नुसता गहजब. एवढा मोठा साहेब आणि कबाडीवाला? मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, "साहेब, लोक काय म्हणतील?"

"काहून, काय म्हणतील? पेन्शनीतला मोठा वाटा अमरावतीला बहिणीकडे जाते. तिचा नवरा गेला. उरलेल्यात भाडं भागत नाही. जन्मभर लोखंडाचं खाल्लं, आता भंगाराचं खाऊन राहिलो. कंपनी तीच आहे ना जी!"

धंदाही त्यांनी परीक्षेला बसल्यासारखा सुरू केला. चिनहटच्या भंगार गोदामांत जाऊन नुसते बसायचे. काय चांगलं विकतं, काय पडून राहतं, ते बघायचे. तिथे त्यांना कळलं की वायर जाळून काढलेलं तांबं काळं पडतं आणि त्याला भाव कमी मिळतो. सोलून काढलेलं लखलखीत असतं. झालं! त्या दिवसापासून ठोसरसाहेब जातील तिथे वायर सोलत बसायला लागले. आमच्या व्हरांड्यात शोभा मटार सोलतेय आणि शेजारी ठोसरसाहेब वायर सोलताहेत, असा देखावा थंडीभर चालला. सालं टाकायला पसरलेला पेपर दोघांचा एकच. एकदा मटारच्या उसळीत माझ्या दाताखाली तांब्याची तार आली. मी ओरडलो तर ठोसरसाहेब हात पुढे करून म्हणाले, "टाकू नका, द्या इकडे."

धंद्याची अक्कल होती, पण धंदा करायची जीभ नव्हती. मलिहाबादला एका बागवाल्याकडे पाण्याच्या पंपाची जळालेली मोटर आहे, आत भरपूर तांबं आहे, असं कळल्यावर भर उन्हाळ्यात बसनं गेले. संध्याकाळी परतले ते दशहरी आंब्यांची पेटी घेऊन.

"मोटर?" मी विचारलं.

"त्याच्या आजोबांनी बसवली होती जी. म्हातारीच्या डोळ्यात पाणी आलं. म्हटलं राहू द्या. मग आंबे खाल्ले."

आणि वर बसभाडं पदरचं!

माझी खरी काळजी वेगळीच होती. ठोसरसाहेब सकाळी सायकलवरून कॉलनीत शिरायचे, घराघरात जाऊन जुने नळ, फुटक्या कढया, गंजलेले कूलर गोळा करायचे आणि संध्याकाळी बाहेर नेईपर्यंत पोती ठेवायचे कुठे? आमच्या व्हरांड्यात! रेल्वे कॉलनीत भंगार म्हणजे विकतचं दुखणं. रेल्वेच्या मालकीचा एक बोल्ट जरी कुणाजवळ सापडला तरी गुन्हा. विकला तर गुन्हा, नुसता जवळ ठेवला तरी गुन्हा. आणि मी पडलो नोकरीत असलेला माणूस, रिटायरमेंटला बरीच वर्षं बाकी. मी ऑफिसला जाताना पोत्याकडे बघायचो आणि आल्यावर आधी पोतं जागेवर आहे का ते बघायचो. आमची तन्वी, जिला मराठी कळतं पण जी बोलते हिंदीतच, ती म्हणायची, "पापा, वो बम नहीं है।"

ठोसरसाहेब मात्र या बाबतीत कडक होते. प्रत्येक वस्तू पोत्यात टाकण्याआधी उलटीसुलटी करून बघायचे. रेल्वेचा शिक्का दिसला की हात लावायचे नाहीत. "चाळीस वर्षं रेल्वेचं मीठ खाल्लं," म्हणायचे, "आता तिचा खिळा कशाला खाऊ?" मला तेवढाच धीर यायचा.

आणि मग दिवाळीची साफसफाई आली.

मी ऑफिसात होतो. चहाच्या वेळेला शेजारच्या टेबलावरचे शुक्लाजी म्हणाले, "सबनीस जी, सुना? आपके ठोसर साहब गेट पर पकड़े गए। बोरी में से रेल का टुकड़ा निकला।"

माझी पाचावर धारण बसली. रेल म्हणजे रूळ. रेल्वेचा रूळ! यार्डात आदल्याच आठवड्यात काहीतरी चोरीला गेलं होतं आणि गेटवर प्रत्येक पोतं उघडून बघत होते. बोरी कुणाची, ती दिवसभर कुणाच्या व्हरांड्यात होती, हे सगळ्या कॉलनीला ठाऊक. मी चहा तसाच टाकून घरी पळालो.

शोभा दारातच उभी होती, चेहरा पांढराफटक.

"अहो, तो तुकडा आपला होता."

"आपला?"

"मोरीतला. नारळ फोडायचा."

मला एकदम आठवलं. क्वार्टर मिळालं तेव्हा आधीच्या कुणीतरी तो मोरीत ठेवूनच गेलं होतं, वीतभर लांबीचा, काळाकुट्ट. रेल्वेच्या कॉलन्यांत असा एखादा तुकडा कुणाच्या ना कुणाच्या घरी असतोच. कुणी त्यावर खिळे सरळ करतं, कुणी बदाम फोडतं. आम्ही नारळ फोडायचो. गणपतीत तर सगळ्या मराठी घरांचे नारळ आमच्याच मोरीत फुटायचे. पण तो रूळ आहे, आणि रूळ रेल्वेचा असतो, हे माझ्यासारख्या पोत्याला भिणाऱ्या माणसाच्याही डोक्यात कधी आलं नव्हतं!

"साफसफाईत काढला," शोभा रडायला लागली. "म्हटलं, लोखंड वजनावर जातं, त्यांना चार पैसे जास्त मिळतील. ते बघतील तर घरात वापरातला आहे म्हणून नको म्हणतील, म्हणून जुन्या चादरीत गुंडाळून पोत्याच्या तळाशी घातला. मला काय माहीत हो!"

मी देवासमोर हात जोडले आणि गेटाकडे निघालो. नोकरी जाणार, क्वार्टर जाणार, तन्वीचं कॉलेज बंद होणार, सगळं मला रस्त्यातच दिसत होतं. पण दुसऱ्याच्या गळ्यात आपला फास अडकवून घरी बसणार कसं?

सुरक्षावाल्यांच्या चौकीत ठोसरसाहेब बाकावर बसले होते. हातात चहा. टेबलावर आमची चादर आणि तिच्यावर आमचा नारळ फोडायचा तुकडा. इन्स्पेक्टर काहीतरी विचारत होता. मला बघताच ठोसरसाहेब मराठीत घाईनं म्हणाले, "सबनीस, तोंड उघडू नका जी. पाहताक्षणी ओळखला मी. गणपतीत यावरच नारळ फोडले ना मी? माझा आहे म्हणून सांगितलं. तुमची नोकरी बाकी आहे."

"क्या कह रहे हैं?" इन्स्पेक्टरनं विचारलं.

"कह रहा हूँ, चाय में चीनी कम है।"

तरी मी पुढे होऊन म्हणालो, "साहब, ये टुकड़ा मेरे घर का है। इनका नहीं है।"

इन्स्पेक्टरनं माझ्याकडे बघितलं, ठोसरसाहेबांकडे बघितलं. मी टेबलाची कड धरून उभा होतो, ते चहा पीत होते. ठोसरसाहेब उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "साहब, इनकी बात मत सुनिए। दोस्त हैं मेरे। मुझे बचाने के लिए झूठ बोल रहे हैं।"

आणि इन्स्पेक्टरनं विश्वास ठेवला! आयुष्यात एकदा छाती करून खरं बोललो, तर ते दोस्तीतलं खोटं ठरलं. मी परत परत सांगत होतो आणि तो हसून म्हणत होता, "बस भाई साहब, बस। ऐसा दोस्त सबको मिले।"

ठोसरसाहेबांची नोकरी त्यालाही ठाऊक होती. तुकडा गंजलेला, जुनापुराणा, यार्डातल्या चोरीशी संबंध नाही, हेही दिसत होतं. केस केली नाही. तुकडा जमा करून घेतला आणि म्हणाला, "लेकिन ठोसर साहब, आज से आप कॉलोनी के अंदर नहीं आएँगे। न बोरी के साथ, न बोरी के बिना। मुझे ऊपर जवाब देना पड़ता है।"

मला हायसं वाटलं. म्हटलं, एवढ्यावर निभावलं! पेन्शन वाचली, नोकरी वाचली. पण बाहेर आल्यावर बघतो तर चौकीत हसत बसलेला हा माणूस भिंतीला हात टेकून उभा राहिला.

"साहेब, भंगार काय, बाहेरही मिळेल," मी म्हटलं. "राजाजीपुरम आहे, आलमबाग आहे."

"भंगाराचं नाही जी." मग बायकोचं नाव घेऊन म्हणाले, "कुसुम गेली तेव्हा सगळे आले. मग कोणी येईना. मीही कोणाकडे काय म्हणून जाऊ? रिकाम्या हातानं दार वाजवलं की लोक विचारतात, काय काम होतं? पोतं असलं की कोणी विचारत नाही. दार उघडतात, चहा देतात, पोरांचं सांगतात. म्हणून तर खोली इथंच घेतली, भिंतीला लागून. आता कोणाचं दार वाजवू?"

मी त्यांचा हात धरला आणि दोघं तसेच गेटाबाहेर उभे राहिलो. येणारे-जाणारे बघत होते. एरवी मी लाजेनं मेलो असतो.

आता रविवारी मी पिशवी घेऊन गेटाबाहेर जातो. अजूनही आधी डावीउजवीकडे बघतो, स्वभावच तो, त्याला काय करणार! आमच्याकडचं मोडकं असतं, शुक्लाजींचं असतं, वरच्या मजल्यावरच्यांचं असतं. ठोसरसाहेब ताणकाट्यावर वजन करतात, मी कॉलनीतल्या खबरा सांगतो, आणि शोभानं दिलेला डबा ते माझ्यासमोरच उघडतात.

गेल्या रविवारी मात्र घरात मोडकं काही सापडेना. मी सगळीकडे शोधलं. शेवटी शोभानं स्वयंपाकघरातला चांगला लोखंडी झारा उचलला, गुडघ्यावर ठेवून जोर लावून वाकवला आणि माझ्या हातात दिला. म्हणाली, "जा."

ठोसरसाहेबांनी झारा हातात घेतला. चुंबक काढलं नाही, ताणकाटाही काढला नाही. नुसता उलटासुलटा करून बघितला. मग दोन्ही हातांनी दाबून हळूहळू सरळ केला, शर्टाला पुसला आणि माझ्या पिशवीत परत ठेवला.

"वैनीला द्या," म्हणाले. "आणि पुढच्या रविवारी परत वाकवून आणा जी."