संस्कृतीचा राखाडी ‘विश्राम’

“घरात वस्तू कमी ठेवल्या ना, की घर आपोआप बोलायला लागतं!”

संस्कृती म्हस्के नगरच्या सावेडीतल्या आपल्या अख्ख्या बिल्डिंगला हे गेली तीन वर्षं सांगत होती. बिल्डिंग हसून मान डोलवायची आणि घरी जाऊन शोकेसमध्ये आणखी एक प्लॅस्टिकचा ताजमहाल ठेवायची. पण त्या रविवारी संस्कृतीचं घर खरोखरच बोललं. इतक्या मोठ्यानं बोललं, की पार शेवगावला ऐकू गेलं!

संस्कृती ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायची आणि घरी हातानं घडवलेली स्टोनवेअरची भांडी जमवायची. स्टोनवेअर म्हणजे आपल्या लोणच्याच्या बरणीचीच जात, कडक भाजलेली माती. पण तिच्यासमोर ‘बरणी’ म्हणायची सोय नव्हती. ‘शिल्प’ म्हणायचं! फुलदाणीत फूल शिरत नसेल, किटलीतून चहा पडत नसेल आणि वाडगा एका बाजूला असा कललेला असेल की आत्ता चक्कर येऊन पडेल, तर ते शिल्प चांगलं. नवरा हर्षल एलआयसीत होता. त्यानं एकदा चुकून एका शिल्पात किल्ल्या टाकल्या होत्या. त्यानंतर चार दिवस घरात फक्त भांडीच बोलत होती.

अशा या घरी त्या रविवारी साक्षात यशोधराताई येणार होत्या. भंडारदऱ्याकडे त्यांची भट्टी होती. आपली भांडी लोकांच्या घरात कशी मांडली जातात याचे फोटो काढून त्या आपल्या पेजवर टाकायच्या. संस्कृतीचा नंबर लागला होता! आदल्याच संध्याकाळी त्यांच्याकडून नवं शिल्प पार्सलनं आलं होतं. फूटभर उंच, पोटाशी दबलेलं, वर झाकण, रंग राखाडी. नाव ‘विश्राम’.

संस्कृतीनं पहाटेच हॉल रिकामा करायला घेतला. सोफा बेडरूममध्ये गेला. टीव्ही गेला. टीपॉय बाल्कनीत गेला. भिंतीवरचा सासू-सासऱ्यांचा फोटोही कपाटात गेला. उरली ती जमिनीवर एक पांढरी चादर, भिंतीशी एक चौथरा, त्यावर ‘विश्राम’, त्याच्यापुढे तगरीचं एक पांढरं फूल आणि वरून मंद दिवा. तो दिवाही तिला पसंत पडेना. तिनं हर्षलला बल्ब आणायला पिटाळलं. “पिवळा हवा. पण फार पिवळा नको!” एवढ्या माहितीवर बिचारा मोबाईल चार्जिंगलाच विसरून निघाला.

आठच्या सुमारास शेजारच्या छबूकाकू डोकावल्या. हातात दशम्यांचा डबा होता. संस्कृतीचे सासरे, आबासाहेब, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी शेवगावहून येऊन पंधरा दिवस इथंच मुक्कामाला होते आणि त्यांना काकूंच्या दशम्या फार आवडायच्या. मधले तीन दिवस काकू लेकीकडे गेल्या होत्या. आबा शुक्रवारी सकाळी सहाच्या एसटीनं गावी परतले, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

“अगं, आबा कुठंत?”

संस्कृती स्टुलावर चढून दिव्याची मान वाकवत होती. मागे न बघताच म्हणाली, “आबा गेले, काकू!”

“अं?”

“शुक्रवारी सकाळी. चहा घेतला आणि गेले.”

“अगं पण... ऑपरेशन तर चांगलं झालं म्हणत होते!”

“झकास झालं! डॉक्टर म्हणत होते, आठ दिवस थांबवून घ्या. पण आबा कुणाचं ऐकतात होय? आणि खरं सांगू काकू? वेळेवर गेले. मला हा हॉल मोकळा हवाच होता.”

छबूकाकूंनी दाराची चौकट घट्ट धरली. मग त्यांची नजर हळूहळू आत फिरली. पांढरी चादर, पांढरं फूल, मंद दिवा. आणि मधोमध ते झाकणाचं भांडं!

“आणि... हे?”

संस्कृतीचा चेहरा उजळला. तीन वर्षांत पहिल्यांदाच काकूंनी आपणहून विचारलं होतं! ती टुणकन स्टुलावरून उतरली.

“कालच आलं. बाराशे डिग्रीला भाजलंय, काकू! विजेच्या भट्टीत.”

“लाकडं... नाही वापरली?”

“छे! विजेवर कसं, सगळीकडून एकसारखं भाजलं जातं. आणि ही वरची राख बघा. नुसता रंग नाही हां, खरी राख आहे! हात लावून बघा ना.”

काकूंनी दोन्ही हात, डब्यासकट, पदराखाली घेतले.

“पोरी, असं घरात ठेवत नसतात गं. बाहेर कुठं, झाडाला वगैरे...”

“झाडाला? काहीतरीच काय! हे आता कायमचं इथंच. आणि आईंसाठीपण एक सांगून ठेवलंय. पुढच्या महिन्यात येईल. जोडीनं शोभून दिसतात!”

“तुझ्या सासूसाठी? गोजरबाईंसाठी?” काकू एक पाऊल मागे सरकल्या. “त्यांना माहितीये?”

“नाही हो, सरप्राइज आहे!”

छबूकाकू उलट्या पावलांनी दाराबाहेर पडल्या. त्या खालच्या मजल्यावर पोहोचेपर्यंत पार्किंगमधल्या वॉचमनला बातमी लागली होती!

बिल्डिंगचे सेक्रेटरी हनुमंतराव यांनी सूत्रं हातात घेतली. त्यांची उभी हयात एसटी स्टँडवर माइकवरून गाड्या पुकारण्यात गेली होती. “शुक्रवारी गेले आणि आपल्याला पत्ता नाही? पोरांनी गुपचूप उरकलं म्हणायचं,” ते म्हणाले. “गावी तरी कळवलंय का, कोण जाणे!” त्यांच्या मोबाईलमध्ये ‘वाल्मिक गहू’ या नावानं एक नंबर होता. वाल्मिक म्हणजे हर्षलचा शेवगावचा चुलतभाऊ. दरवर्षी बिल्डिंगला पिकअपनं गहू पोचवायचा. हनुमंतरावांनी नंबर लावला.

“सावेडीहून बोलतोय. म्हस्क्यांच्या घरी दुःखद घटना घडली आहे. नाव फोनवर घेत नाही. सर्वांनी ताबडतोब निघावे, ताबडतोब निघावे!”

फोन बंद. वाल्मिकनं परत लावला, तर हनुमंतराव दुसऱ्यांना कळवण्यात गुंतलेले. हर्षलला लावला, तो बेडरूमच्या बंद दाराआड चार्जिंगवर वाजवाजून थकला. संस्कृतीनं तर फोटोच्या गडबडीत स्वतःचा आवाजच बंद करून ठेवला होता, म्हणजे फोनचा!

दहा वाजले. बेल वाजली. दारात पंधरा-वीस माणसं, सगळी पांढऱ्या कपड्यांत!

संस्कृतीला भरून आलं. एवढे लोक! आणि मांडणीला शोभेल असे पांढरे कपडे घालून! सगळे एका शब्दानंही न बोलता चादरीवर बसले. माना खाली. कुणी ‘विश्राम’ला हात जोडले, कुणी डोळे पुसले. कलेपुढे माणूस असाच मूक होतो, हे तिनं कितीदा सांगितलं होतं!

तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी पिशवीतून झेंडूचा हार काढला.

“नको, नको! झेंडू नको!” संस्कृती धावली. “त्याला एकच पांढरं फूल. जास्त भपका चालत नाही.”

“शेवटपर्यंत साधेपणाच!” कुणीतरी सुस्कारा सोडला.

मग हनुमंतराव उभे राहिले. घसा खाकरला.

“मितभाषी, निर्व्यसनी, कधी कुणाला उलट शब्द न बोललेला असा माणूस पुन्हा होणे नाही.”

संस्कृतीनं कान टवकारले. हे कुणाबद्दल चाललंय?

“लिफ्ट बंद असताना त्यांनी एकदाही तक्रार केली नाही. असे आपले आबासाहेब आज या एवढ्याशा रूपात आपल्यासमोर...”

संस्कृतीनं हनुमंतरावांच्या बोटाकडे बघितलं. बोट ‘विश्राम’कडे होतं. मग तिनं फुलाकडे बघितलं. दिव्याकडे, चादरीकडे, छबूकाकूंच्या लाल डोळ्यांकडे बघितलं. आणि सकाळचं एकेक वाक्य तिच्या डोक्यात उलटं होऊन पडलं. बाराशे डिग्री! खरी राख! आईंसाठीपण एक!

“अहो, आबा गेले म्हणजे शेवगावला गेले!” ती किंचाळली.

पण ऐकतंय कोण? कारण त्याच क्षणी जिन्यातून त्याहून मोठा टाहो आला.

“माज्या हर्षलाऽऽ! कुटं गेलास रं बाबाऽऽ!”

गोजरबाई आत आल्या, त्या थेट संस्कृतीच्या गळ्यात पडल्या. मागोमाग वाल्मिक आणि भावकीतली सात-आठ माणसं. शेवगावपासून नगरपर्यंत पिकअपमध्ये सगळ्यांनी मनातल्या मनात एकच हिशेब केला होता. घरात माणसं दोनच, लेक आणि सून. जिन्यातूनच उघड्या दारातून सून धडधाकट उभी दिसली, म्हणजे... गोजरबाई सुनेला सोडेचनात. “आई, हर्षल बल्ब आणायला गेलाय,” ती कसंबसं म्हणाली. गोजरबाईंना पटेना. अशा वेळी बल्ब कोण आणतं?

आणि मग जिना धापा टाकत चढून आबासाहेब दारात आले. सव्वासहा फूट उंची, डोळ्यांवर ऑपरेशनचा काळा चष्मा, गालावरून पाण्याच्या धारा.

तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी हारासकट भिंतीला चिकटल्या. छबूकाकूंनी देवाचं नाव घ्यायला तोंड उघडलं, पण ऐन वेळी एकही देव आठवेना.

“कोन गेलं?” आबांनी विचारलं. “आदी त्ये सांगा. कोन गेलं?”

हनुमंतराव अजून भाषणाच्या पवित्र्यातच उभे होते. तेच म्हणाले, “आपण.”

“मी?”

“होय. शुक्रवारी.”

आबा थबकले. चष्मा वर करून त्यांनी स्वतःच्या हातांकडे एकदा बघून घेतलं. “शुक्रवारी तर मी शेवगावला गेल्तो,” ते म्हणाले.

तेवढ्यात दारातल्या चपलांच्या ढिगातून वाट काढत हर्षल आला. “मिळाला! सहा दुकानं पालथी घातली! पिवळा, पण फार पिवळा नाही!” त्याच्यामागे खांद्याला कॅमेरा लावलेल्या यशोधराताई. त्यांची आणि हर्षलची गाठ गेटवरच पडली होती.

गोजरबाई लेकाकडे धावल्या. आधी त्याच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला आणि मग त्याला कुशीत घेऊन मनसोक्त रडल्या. हर्षलला दोन्हींचं कारण कळलं नाही. बल्ब मात्र त्यानं डोक्याच्या वर धरून वाचवला.

मग संस्कृतीनं सगळं सांगितलं. सांगताना तिचे कान लालबुंद झाले होते. यशोधराताई हसूनहसून चादरीवर बसल्या. “वीस वर्षं माती मळतेय,” त्या म्हणाल्या, “माझ्या भांड्यापुढे माणसं रडलेली आज पहिल्यांदा पाहिली!”

आबा चौथऱ्यापाशी गेले. त्यांनी ‘विश्राम’चं झाकण उचललं, एक डोळा बारीक करून आत बघितलं, भांडं हातावर तोललं.

“ह्याच्यात मी? आरं, माजं नुसतं पागोटं ठिवलं तरी झाकन बसायचं न्हाई. आन् तुमी सगळ्यांनी मान्य केलं?”

सगळ्यांच्या नजरा हळूहळू छबूकाकूंकडे वळल्या.

“बरं, ऱ्हाऊ द्या,” आबा खाली बसत म्हणाले. “पर हनुमंतराव, मी येन्याच्या आदी तुमी कायतरी चांगलं बोलत हुते म्हनं. त्ये परत म्हना बरं. पहिल्यापासून.”

“अहो, आता कसं... प्रसंग तसा राहिला नाही.”

“म्हना हो! मानसाला सोताच्या मागं लोक काय बोलत्यात त्ये ऐकायला मिळतंय कुटं? मी लई नशीबवान.”

हनुमंतरावांना परत उभं राहावं लागलं. “मितभाषी” म्हटल्यावर गोजरबाईंनी “कोन?” असं विचारलं. “निर्व्यसनी” म्हटल्यावर वाल्मिकला जोराचा खोकला आला. आबांनी तंबाखूची पुडी अलगद बंडीच्या आतल्या खिशात सरकवली आणि म्हणाले, “चालू द्या!” लिफ्टचं वाक्य त्यांना फार आवडलं. ते दोनदा म्हणवून घेतलं. आणि मग कुणाच्या नकळत सगळा हॉल हसायला लागला. झेंडूचा हार वाया जाऊ नये म्हणून तो आबांच्याच गळ्यात पडला.

“पोरी, मानसं रडून-हसून भुकेजली,” गोजरबाई पदर खोचत उठल्या. “पिटलं टाकते. भाकऱ्या छबूताई थापतील, त्यांनीच हे घडवलंय!”

काकू मुकाट्यानं परात घ्यायला गेल्या. मागून गोजरबाईंचा आवाज आला, “आगं, स्टीलची ताटं सा-सातच हायती. बाकीच्यांना काय पत्रावळ्या आनू?” आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी जेवणघरातलं काचेचं कपाट उघडलं. आत यशोधराताईंनीच घडवलेली चोवीस शिल्पताटं होती, एकही गोल नसलेली. गोजरबाईंनी ती पदरानं पुसपुसून पंगतीत मांडायला सुरुवातही केली. संस्कृती “आई...” म्हणाली, पण पुढचे शब्द तिनं गिळले. आज कुठल्या तोंडानं बोलणार?

पहिली पंगत बसली. पिठलं ताटाच्या उतारावरून बरोबर भाकरीकडे वाहत येत होतं. वाल्मिक म्हणाला, “वहिनी, ताटं वाकडी निघाली वाटतं. पर पिटल्याला चांगली हायती.” बावीस माणसं चपाचप जेवत होती आणि प्रत्येक ताट जमिनीला टेकल्याचा आवाज संस्कृतीच्या काळजात होत होता. यशोधराताई मात्र भराभर फोटो काढत होत्या. चौथऱ्याचा एकही नाही, सगळे पंगतीचे! त्यांचे डोळे चमकत होते.

“किती छान वाटलं म्हणून सांगू!” त्या संस्कृतीला म्हणाल्या. “लोक माझी ताटं घेतात आणि कपाटात बंद करतात हो. फार वाईट वाटतं. तुम्ही रोज यांच्यावरच जेवता?”

“रोज!” संस्कृती पापणीही न लवू देता म्हणाली. “आम्हाला दुसरी ताटं चालतच नाहीत.”

हर्षलला ठसका लागला.

यशोधराताईंनी समाधानानं मान डोलावली, आपल्यासाठी मांडलेलं ताट प्रेमानं उचललं आणि घडवणाऱ्या माणसाच्या सवयीनं उलटं करून बघितलं. बुडाला त्यांच्याच हातची चिठ्ठी जशीच्या तशी चिकटलेली होती: ‘पहिल्यांदा वापरण्यापूर्वी धुऊन घ्यावे.’