एका रेणूचे जाहीर दर्शन

जी गोष्ट दिसत नाही तिच्यावर विश्वास ठेवू नये, असे विज्ञान म्हणते. दिसली की आधी फोटो काढावा, असे संस्था म्हणते. गोरेगाव पूर्वेच्या त्या संशोधन संस्थेत दोन्ही तत्त्वे निष्ठेने पाळली जात. (दुसरे जरा जास्त.)

तिथे गंधाली प्रधान एका कृत्रिम रेणूची घडी कशी पडते ते बघत असे. प्रयोगशाळेत जोडून केलेली ही लांबट साखळी पाण्यात सोडली की आपोआप दुमडते. गंधालीने तिच्या एका टोकाला हिरवा चमकणारा रंग लावला होता, दुसऱ्याला तांबडा. साखळी उलगडलेली असली की हिरवा ठिपका दिसे. टोके जवळ आली की हिरवा आपला उजेड तांबड्याला देऊन टाकी. घोळक्यात कोण काय करतो ते कळत नाही, म्हणून एका वेळी एकच रेणू. तो काही सेकंद मिणमिणे आणि कायमचा विझे. तेवढ्यात तो एक गोष्ट सांगून जाई: आपण एका दमात दुमडत नाही. अर्ध्यावर थांबतो, विचार बदलतो, पुन्हा उलगडतो.

ही वागणूक विभागप्रमुख नंदकुमार सरांना मान्य नव्हती. रेणू एका दमात दुमडतो, हे त्यांनी तरुणपणीच सिद्ध केले होते. (तेव्हा एकटा रेणू बघायची सोय नव्हती, त्यामुळे अडचण आली नाही.) पण सर दिलदार.

"विश्वस्तांना दाखव," ते म्हणाले. "त्यांना दिसलं तर तुझ्या नोकरीची मुदतवाढ पक्की. नाही दिसलं तर... तू हुशार आहेस गं, कुठेही लागशील."

विश्वस्त मंडळाच्या अध्यक्षा रत्नप्रभाताई आल्या. नव्या सूक्ष्मदर्शकाला हार घालू दिला नाही म्हणून त्या किंचित खट्टू झाल्या. ती कसर त्यांनी हळदीकुंकवाने भरून काढली. गंधाली "ताई, काचेवर नको" म्हणेपर्यंत रेणूच्या काचेवर झाले होते.

दिवे मालवले. निळा लेसर लागला. एरवी डोळे ताणून ठिपका शोधावा लागे त्या पडद्यावर भलामोठा पिवळाधमक गोळा झळकला आणि डुलू लागला. टाळ्या पडल्या.

"अगं बाई, दुमडतोय की!" ताई म्हणाल्या.

"एका दमात," सर म्हणाले.

गंधाली गप्प बसली तर मुदतवाढ समोरच होती.

"सर, ती हळद आहे," ती म्हणाली. "निळ्या उजेडात हळद चमकते. रेणू तिच्या मागे कुठेतरी होता. विझला."



"हळद शुभच असते," असा निष्कर्ष काढून ताईंनी फोटो काढला.

संस्थेच्या पत्रकात नोंद झाली: रेणू दिसला, सोन्यासारखा दिसला, शंभर टक्के उपस्थितांना दिसला. (एक संशोधिका वगळता. तिला उजेडाचा त्रास आहे.) संध्याकाळी घाटकोपरहून आईने तोच फोटो पाठवला. "तुमच्या इथे कोणीतरी झकास काम केलंय बघ. शिक ना जरा!"

मुदतवाढीचा आदेश आला, 'सुवर्णरेणूच्या शोधाबद्दल'. गंधालीने तो परत केला. सरांना मनापासून वाईट वाटले. अशी चांगली हळद पुन्हा कुठे मिळणार?

गंधाली आता मुलुंडच्या एका कॉलेजात शिकवते. खऱ्या रेणूची चित्रफीत तिने सर्वांसाठी खुली ठेवली आहे. एक मंद ठिपका अर्ध्यावर अडखळतो आणि विझतो. आजवर ती तिच्या आईने आणि दोन जपानी गृहस्थांनी पाहिली. (आईने मध्येच सोडली.)

सोन्याचा रेणू मात्र घरोघरी पोचला. आपण तो पाहिलेला नाही, असे वाटत असेल तर घरच्या ग्रुपवर थोडे मागे जाऊन बघा. त्याच्याखाली 'अभिमान आहे!' असे लिहून हात जोडलेले असतील. कुणाचे, तेही बघून ठेवा.