मुळ्येजी गाडी नेतात

मोटारींच्या शर्यतीत वळण्याआधी खिडकीबाहेर हात काढून इशारा देणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. शर्यत टीव्हीवर होती, खिडकी कुठेच नव्हती, आणि बाहेर निघालेला हात थेट शोकेसमधल्या पितळी हत्तीला जाऊन लागला. मुळ्येजींनी हात चोळला, आणि पुढच्या वळणाला पुन्हा काढला. वळायचं म्हटलं की हात बाहेर गेलाच पाहिजे, मग तिथे रस्ता असो की हत्ती.

मुळ्येजी तिसऱ्या मजल्यावर राहतात, मी बरोबर त्यांच्या खाली. मल्हारगंजातली आमची ही इमारत जुनी आहे. लिफ्ट नाही, आणि जिन्याची प्रत्येक पायरी वेगळ्या उंचीची. मी शाळेत भूगोल शिकवत असे. आता रिटायर झाले आहे आणि दुपारी झोपते. दुपारची झोप ही माझी एकुलती एक चैन आहे, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं तिच्यापायीच मला कळलं.

मुळ्येजी सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. त्यांच्याकडे एक जुनी पांढरी गाडी होती. ती ते इतकी हळू चालवत की मागून सायकलवाले घंटी वाजवत. शेजारी कायम त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, मांडीवर पर्स घेऊन. मुळ्येजी सिग्नलला थांबत, गायीला थांबत, आणि पुढे गाय दिसण्याची शक्यता असली तरी थांबत. कोणी हसलं की म्हणत, "गाडी पळवायची नसते मॅडम, न्यायची असते." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं होतं की त्याचा अर्थ काय, असा विचार करायचं मी सोडूनच दिलं होतं.

मग काकू जिन्यात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, काठी आली, घरातल्या घरात चार पावलं टाकता येऊ लागली, पण जिना मात्र त्यांना कायमचा बंद झाला. मुळ्येजींनी महिन्याभरात गाडी विकून टाकली. मी म्हटलं, "अहो, तुमचे हातपाय तर धड आहेत. तुम्ही तरी फिरा."

"एकट्याने चालवायला मी काय ड्रायव्हर आहे का मॅडम?" ते म्हणाले आणि दही आणायला पायी निघून गेले.

त्यांच्या मुलाचं, अमेयचं, सामान वर हॉलमध्ये पडलेलं होतं. तो नोकरीसाठी बंगलोरला गेला तेव्हा मोटार-शर्यतीच्या खेळाचा सगळा थाट मागे ठेवून गेला. खरं वाटावं असं स्टिअरिंग, पायात खरे पेडल, मोठा टीव्ही, आणि डोळ्यांवर बांधायचा तो व्हीआरचा काळा चष्मा. तो बांधला की म्हणे आपण गाडीतच बसलोय असं वाटतं. वर बघावं तर आभाळ, बाजूला बघावं तर झाडं. मुळ्येजी वर्षभर त्यावरची धूळ पुसत होते. एक दिवस पुसता पुसता बसले, ते बसलेच.

मला याचा पत्ता लागला तो छतातून. दुपारी दोन वाजले की वर इंजिन सुरू व्हायचं. त्यातून मधेमधे मुळ्येजींचा आवाज यायचा, "समोर बघ. अगं, समोर बघ." चार दिवस उशी कानावर घेऊन काढले. पाचव्या दिवशी वर गेले.

हॉलमध्ये मुळ्येजी बूट घालून ऑफिसात असते तसल्या चाकांच्या खुर्चीत बसले होते. खुर्चीमागे दोन विटा लावलेल्या. ब्रेक जोरात दाबला की खुर्ची मागे पळते, म्हणून घाटात ट्रकवाले दगड लावतात तशी ही सोय. आतल्या खोलीचा पडदा ओढलेला होता.

"काकू कुठे आहेत?" मी विचारलं.

"कुमुद जरा बाहेर गेलीये. येईल अर्ध्या तासात. बैठा ना मॅडम."

मी बसले. जी बाई जिना उतरू शकत नाही ती बाहेर गेली कशी, हे विचारायचा मला धीर झाला नाही. माणूस सगळा दिवस घरात बसला की डोक्यावर परिणाम होतो हे मी ऐकून होते. मी टीव्हीकडे बघत राहिले.

शर्यत सुरू व्हायची होती. वर लाल दिवे लागले, मग विझले. विझल्याबरोबर सगळ्या गाड्या सुसाट गेल्या. मुळ्येजी जागेवरच.

"निघा ना," मी म्हटलं.

"हिरवा कुठे लागलाय?"

"लाल विझला की निघायचं असेल."

"लाल विझणं मतलब हिरवा लागणं नव्हे मॅडम. उद्या रीगलच्या चौकात लाइट गेली तर काय सगळ्यांनी निघायचं?" शेवटी कसेबसे निघाले, चाळीसच्या वेगाने, डावी बाजू धरून. रस्त्याच्या कडेला लाल-पांढरे पट्टे होते, ते त्यांच्या मते फुटपाथ. त्यावर चाक जाता कामा नये.

आणखी एक गोष्ट मला खटकली. गाडी सरळ चाललेली असायची, आणि टीव्हीवरचं चित्र मात्र एकदम डावीकडे वळून झाडं दाखवायचं. मधेच वर आभाळ. मग मुळ्येजी ओरडायचे, "समोर बघ," आणि चित्र निमूटपणे पुन्हा रस्त्यावर यायचं. मशीनमध्ये बिघाड असावा आणि मुळ्येजी त्याला दटावत असावेत, अशी मी समजूत करून घेतली. आमच्याकडे लोक मिक्सरशीही बोलतात.

कधीकधी ते इंटरनेटवरून खऱ्या माणसांबरोबरही खेळायचे. तेव्हा स्पीकरमधून आवाज यायचे. त्यात आमच्याच शहरातल्या परदेशीपुऱ्यातला एकजण ठरलेला. "अरे भिया, आप फिर आ गए? साइड दो यार."

"पहले हॉर्न दो," मुळ्येजी सांगत.

"रेस में कौन हॉर्न देता है भिया?"

"इसीलिए तो अ‍ॅक्सिडेंट होते हैं," असं म्हणून मुळ्येजी माझ्याकडे वळत. "खाली मल्हारगंजात कोणी कोणाला साइड देतं का, सांगा? निदान इथे तरी डिसिप्लिन नको?" कोणाची गाडी उलटली की हे आपली थांबवून विचारायचे, "लगी तो नहीं?" त्यामुळे शर्यतीत त्यांचा नंबर कायम शेवटचा. पण त्या लोकांत त्यांच्याबद्दल वाईट बोलणारा एकही नसावा असं मला वाटतं.

दसऱ्याला त्यांनी या सगळ्याची पूजा केली. मला मुद्दाम बोलावलं. स्टिअरिंगला झेंडूची माळ, पेडलला कुंकू, काळ्या चष्म्यालाही हळद-कुंकवाचं बोट. मग आलं लिंबू. लिंबू चाकाखाली ठेवायचं, पण या गाडीला चाक कुठे? मुळ्येजी बराच वेळ चौफेर बघत राहिले. शेवटी त्यांचा चेहरा उजळला. चाकं होती ती खुर्चीला. त्यांनी विटा काढल्या, प्रत्येक चाकापुढे एकेक लिंबू मांडलं, खुर्चीत बसले आणि गंभीरपणे पुढे सरकले. लिंबं फुटली, हॉलभर रस झाला, आणि काकू पलंगावरून म्हणाल्या, "फरशी मी पुसायची नाहीये, म्हणून चाललंय."

पूजा आटपते तोच अमेयचा फोन आला. दिवाळीला येतोय, आणि हे सगळं सामान मित्राला द्यायचं कबूल केलंय, येईन तेव्हा घेऊन जाईन, तुमची अडगळ तरी जाईल. मुळ्येजी "हो हो, बिल्कुल" म्हणाले. फोन ठेवला आणि हातातला पेढा तसाच धरून बसून राहिले.

दुसऱ्या दिवसापासून छतावरचा आवाज बदलला. इंजिन किंचाळायला लागलं. ब्रेक, धडक, पुन्हा ब्रेक. मी वर गेले तर मुळ्येजी घामाघूम.

"मॅडम, तुम्ही भूगोलवाल्या. समुद्राच्या काठाने जाणारा एक रस्ता आहे यात. पण तो बंद आहे. आधीची शर्यत पहिल्या तिनांत संपवली तरच तो खुलतो. आणि आपण कायम लास्ट."

"मग अमेयला सांगा, खुला करून देईल. नाहीतर सांगा की सामान राहू दे."

"त्याची वस्तू आहे ती. त्याने कधी माझ्या गाडीची किल्ली मागितली होती का?" मग जरा थांबून, टीव्हीकडे बघतच म्हणाले, "रिटायर झाल्यावर आपल्या गाडीने समुद्रावर जाऊ, असं कुमुदला कबूल केलं होतं. तिने समुद्र पाहिलेला नाही. कधी म्हटलं टायर बदलू मग जाऊ, कधी म्हटलं पाऊस संपू दे, कधी रोड खराब. मॅडम, रोड काही इतका खराब नव्हता. मीच घाबरलो लांबच्या ड्रायव्हिंगला."

टीव्हीवरचा समुद्र बघून काकूंना काय मिळणार, असा रोखठोक प्रश्न माझ्या तोंडाशी आला होता. तो मी गिळला.

धनतेरसच्या दुपारी मी चकल्यांचा डबा घेऊन वर गेले. दार उघडंच होतं. सवयीने दाराशीच चपला काढल्या आणि आत पाऊल टाकलं, तर हॉलमध्ये मुळ्येजींच्या शेजारी दुसरी खुर्ची, आणि त्या खुर्चीत काकू. अंगावर चांगली साडी. पायांत बाहेर जायच्या चपला, ज्यांनी इतक्या दिवसांत रस्ता पाहिला नव्हता. मांडीवर पर्स. आणि डोळ्यांवर तो काळा चष्मा.

"मुळ्येजी, हे काय?"

"बोलू नका मॅडम. कुमुद, बेल्ट लाव."

काकूंनी नसलेला बेल्ट लावला आणि मान जरा वळवली. त्याबरोबर टीव्हीवरचं चित्र वळलं.

तेव्हा मला सगळं कळलं. मशीनमध्ये बिघाड नव्हता. काकू चष्म्यातून जिकडे बघतील, तेच टीव्हीवर दिसत होतं, आणि टीव्हीवर बघून मुळ्येजींना गाडी हाकावी लागत होती. रोज दुपारी पडद्याआड पलंगावर पडून काकू खेळातल्या गाडीत मुळ्येजींच्या शेजारी बसत होत्या. त्यांनी झाडाकडे पाहिलं की यांचा रस्ता गायब. चाळीसच्या वर जायची सोयच नव्हती. आणि "कुमुद बाहेर गेलीये" यात एक अक्षर खोटं नव्हतं.

"तुम्ही एकट्याने जिंकून या की आधी," मी न राहवून म्हटलं. "मग काकूंना न्या."

"तेच म्हणत होते हे," काकू समोर तोंड करूनच म्हणाल्या. "पण दोनदा एकटे गेले तर रस्ताच चुकले. आणि मला घरी ठेवून समुद्र गाठणार? मी म्हटलं, मान सरळ धरून बसते. तुम्ही पळवा."

"शेजारी कोणी नसलं की मला सुचतच नाही," मुळ्येजी म्हणाले.

लाल दिवे लागले. विझले. मुळ्येजींचा पाय क्षणभर अडखळला. आयुष्यभराची सवय ती. मग त्यांनी डोळे मिटून घेतल्यासारखं केलं आणि गाडी सोडली.

अशी गाडी चालवताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. हात बाहेर काढला नाही. हत्ती सुखरूप राहिला. डावीकडून गाड्या ओलांडल्या, आणि दर वेळी पुटपुटले, "माफ करा भिया." त्या गाड्या कॉम्प्युटरच्या होत्या, त्यांत माणूस नव्हता. फुटपाथवरूनही गेले. काकू ताठ बसून होत्या, दोन्ही हातांनी पर्स घट्ट धरलेली. रस्त्याकडेला कसला तरी लालभडक फुलांचा ताटवा येऊन गेला असावा, कारण चित्र केसभर हललं आणि लगेच जागेवर आलं. "बघितलं नाही हो मी," काकू म्हणाल्या. शेवटच्या वळणाला मुळ्येजींच्या पुढे तीन गाड्या होत्या. त्यातली एक स्वतःच घसरून भिंतीला लागली. मुळ्येजींचा पाय ब्रेककडे गेला. विचारायला थांबायचं होतं त्यांना.

"अहो, त्याला नंतर विचारा," काकू म्हणाल्या.

ते तिसरे आले.

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण हातात डबा होता. मुळ्येजींनी रुमालाने कपाळ पुसलं, उठून टेबलफॅन आणला, काकूंच्या समोर ठेवून लावला, आणि पुन्हा बसले. नवा रस्ता उघडला. आता वेग चाळीस. एका चढावर गाडी वर आली, आणि खाली पाणीच पाणी. "आता बघ," मुळ्येजी म्हणाले. "हवं तिकडे बघ."

काकूंनी मान उजवीकडे वळवली आणि ठेवली. टीव्हीवर नुसता समुद्र. रस्ता दिसेना, तेव्हा मुळ्येजींनी हात बाहेर काढून इशारा दिला, हत्तीला लागला, आणि गाडी कडेला घेऊन थांबवली. मागून येणाऱ्या गाड्या झूम करून निघून गेल्या. शर्यत चालूच होती म्हणा.

पंखा फिरत होता. मग काकू वाकल्या, चाचपडत त्यांनी पायांतल्या चपला काढल्या, बाजूला सारल्या, आणि पावलं खाली टेकली.

"गार आहे हो," त्या म्हणाल्या.

"कुमुद, ती फरशी आहे."

"माहितीये मला. पण गार आहे. काढा तुम्हीपण बूट."

मुळ्येजींनी इंजिन बंद केलं, हँडब्रेक लावला, मग वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागले. मी डबा हातात घेऊन तिथेच उभी होते. माझ्या चपला दाराशी होत्या. फरशी खरंच गार होती.