झोपून बघायचं छत

निवृत्ती मिस्त्री कुणाच्याही घरात शिरले की आधी आडवे होत. नमस्कार नाही, पाणी नाही; टोपी काढून उशाला घ्यायची, जमिनीला पाठ टेकायची आणि छताकडे बघत पडायचं. पंचवटीतल्या एका देवळाच्या मंडपात ते असेच पडले, तेव्हा त्यांना घेरी आली असं समजून पुजाऱ्यांनी तोंडावर तीर्थ शिंपडलं. मिस्त्री म्हणाले, "माझ्यावर नका मारू पाणी, त्या प्लास्टरवर मारा."

आणीबाणी उठली त्या सुमारास मी नाशिक रोडला घर बांधलं. सिमेंट मिळेना, म्हणून स्लॅब तीन तुकड्यांत टाकावा लागला. तुकडे जिथे जुळले तिथे प्लास्टरमधून दोन रेघा उमटल्या, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मिस्त्रींना बोलावलं. ते आले आणि आडवे झाले.

"साहेब, उभ्या माणसाला छत दिसतच नाय. ते झोपून बघायचं असतं."

मग त्यांनी छिन्नीने दोन्ही रेघा खोदून रुंद केल्या, त्यांत सिमेंटचा माल भरला, वर मच्छरदाणीच्या जाळीच्या पट्ट्या बसवून छत सारखं केलं. "आता आतली ओल सुकंस्तोवर, म्हैनाभर, रंग लावायचा नाय," त्यांनी बजावलं. "सांध्याला घाई चालत नाय."

त्यानंतर रोज घरी जाताना ते आमच्याकडे येऊन पाच मिनिटं पडत. बायको त्यांना वळसा घालून स्वयंपाकघरात जाई. मी ऑफिसात टेबलावर आडवा होऊन त्यांची नक्कल करायचो. "सांध्याला घाई चालत नाय" म्हटलं की सगळे पोट धरून हसायचे. मला फार भारी वाटायचं.

दहाव्या दिवशी, शनिवारी, मिस्त्री येऊन गेल्यावर मी रातोरात रंग लावून घेतला. रविवारी संध्याकाळी आमचे साहेब सपत्नीक पोहे खायला येणार होते, आणि त्यांना पांढरंशुभ्र घर दाखवायचं होतं.

रविवारी दोन्ही रेघा जाळीसकट फुगून बाहेर आल्या. साहेबांनी मान वर केली. "हे काय हो?" त्याच वेळी मिस्त्री दारातून आत आले आणि सवयीने साहेबांच्या पायाशी आडवे झाले.

"यांनाच विचारा," मी म्हणालो. "काम येत नाही, नुसतं लोळता येतं."

मिस्त्री उठून बसले. घरभर रंगाचा वास होता. त्यांना कळलं नसेल असं होणंच शक्य नाही. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि साहेबांना म्हणाले, "व्हय, पट्टी नीट बसली नसंल. चूक माझीच." टोपी झटकून ते निघून गेले. साहेब हसले. मीही हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

दोन दिवस कसेबसे काढले आणि माफी मागायला त्यांच्या घरी गेलो. भाजीबाजारामागे एक खोली. खाटेवर त्यांची बायको आणि खाली सतरंजीवर मिस्त्री, दोघं छताकडे बघत गप्पा मारत होते. बाई कमरेपासून लुळ्या. अकरा वर्षं त्या खाटेवरच होत्या.

मिस्त्री गडबडीने उठले. "हे नाशिक रोडचे साहेब," त्यांनी सांगितलं.

बाईंचा चेहरा खुलला. "दोन रेघांचे? रोज ऐकते की तुमच्या घराचं! मला कुठं जाता येतं? हे सगळ्यांची छतं बघून येतात आन् मला सांगतात. गेल्या का वो रेघा?"

मी मिस्त्रींकडे बघितलं.

"गेल्या," मिस्त्री म्हणाले. "साहेबांनी लय धीर धरला."

बाईंना इतका आनंद झाला, की त्यांनी मिस्त्रींना चहा टाकायला लावला. मला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी वर बघत बसलो. त्या छतावर एकही रेघ नव्हती.

माफी मागायला गेलेला मी चहा पिऊन परत आलो.