मेथडिस्टांची फुलं आणि माझं फुकटचं कॉलेज

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. फुकट मिळालेल्या वस्तूचा माझ्याइतका पुरेपूर उपयोग करणारा माणूस आमच्या टेनेसीच्या डोंगरात दुसरा नाही! कॉलेजात न गेलेल्या मोठ्या माणसांना दोन वर्षांचं कॉलेज फुकट, असं सरकारनं जाहीर केलं तेव्हा रोज हॉटेलात नाश्त्याला जमणारं आमचं टोळकं हसून हसून कॉफी सांडत होतं. मी मात्र दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या रांगेत उभा होतो!

जन्मभर लाकडाच्या गिरणीत ओंडके ओढले. मुळाक्षरं शिकलो तीच पंचावन्नाव्या वर्षी, चर्चच्या तळघरात. आणि आता सदुसष्टाव्या वर्षी कॉलेज! पहिल्या सत्रात इतिहासात चक्क पास झालो. तेव्हापासून मी सहन होत नाही, असं माझी बायको व्हर्ना म्हणते. दुकानात शेजारच्या गिऱ्हाईकाच्या हातातला डबा मी त्याला मोठ्यानं वाचून दाखवतो, एवढंच तिचं दुःख.

तर एका शुक्रवारी आम्ही जेवायला बसलो होतो. राजमा होता, मक्याचा पाव होता आणि नात टॅली होती. ती यंदाच शाळेतून निघून माझ्याच कॉलेजात आलेली, तीही फुकटच.

"आजोबा, सेवेचे तास भरलेस का?" ती म्हणाली.

"कसली सेवा?"

"समाजसेवा! फुकट शिकायचं तर आठ तास कुठेतरी राबायचं आणि तिथल्या प्रमुखाची सही आणायची. नाही आणली तर पुढच्या सत्रापासून फी भरा! सोमवारी शेवटची तारीख."

मी हातातला पाव ताटात परत ठेवला. गिरणीच्या पेन्शनीत मी फी काय, कॉलेजच्या कॅन्टीनमधलं सूपसुद्धा विचार करून पितो!

"आधी ऑफिसात विचारून तरी घे," व्हर्ना म्हणाली.

"विचारायचं कशाला? मी काय अडाणी आहे?"

हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदाच अभिमानानं बोललो. पुन्हा बोलणार नाही.

माझी योजना झकास होती. टेकडीवरचं कब्रस्तान दोन ख्रिस्ती पंथांचं सामाईक, आमच्या बॅप्टिस्टांचं आणि मेथडिस्टांचं. दर वर्षी डेकोरेशनच्या रविवारी सगळी घराणी आपापल्या माणसांच्या थडग्यांवर नवी फुलं ठेवतात, गाणी म्हणतात, तिथेच पंगत बसते. त्याआधी कुणीतरी गेल्या वर्षीची प्लास्टिकची फुलं उचलून जागा साफ करायची असते. आमचा रविवार आधी, तो पुढच्या आठवड्यात; मेथडिस्टांचा त्याच्या नंतर. म्हणजे शनिवारी जाऊन साफसफाई केली की काम झालं! सही करणार कब्रस्तान समितीच्या प्रमुख ओपल स्टिनेट. बाई मेथडिस्ट, विधवा, आणि बोलणं असं की कुंपणाची तारही मऊ वाटावी.

शनिवारी दुपारी गेलो. टेकडीवर चिटपाखरू नव्हतं. फुलं मात्र मुबलक! एकेक थडगं झाडून पुसून लख्ख केलं आणि सगळी फुलं पिकअपमध्ये भरली. गाडी अशी दिसत होती, जणू एखाद्या राजाची वरात चाललीय आणि राजा मागेच राहिलाय!

घरी आलो. व्हर्ना बाहेर आली. तिनं एक गुच्छ उचलला, उलटा केला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी दोन पावलं मागे सरलो.

"क्लोव्हिस, ह्याच्यावर दुकानाची चिठ्ठी आहे. कोरी करकरीत."

"असेल. मेथडिस्ट लोक आळशीच."

"अरे गाढवा, मेथडिस्टांचा पाद्री पुढच्या आठवड्यापासून सुट्टीला समुद्रावर चाललाय! त्यांनी यंदा त्यांचा रविवार आपल्या आधी घेतलाय. उद्याच! आज सकाळी सगळ्या बायकांनी फुलं ठेवली!"

मी गाडीभर फुलांकडे वळून पाहिलं. प्लास्टिकचं हेच वाईट! खरं फूल निदान शिळं झालं की मान टाकतं. हे मेलं नवं असो की जुनं, तसंच दात काढून हसतं!

"आता?" मी म्हणालो.

"आता जाऊन परत ठेव! आणि सही मिळाली तर मला सांग, मी टोपी खाऊन दाखवीन."

तोवर अंधार पडला होता, म्हणून रविवारी पहाटेच टेकडीवर पोचलो. पण कुठलं फूल कुठल्या थडग्यावरचं, हे कुणाला ठाऊक? म्हटलं, घाबरायचं काय, आपल्याला वाचता येतं! फितींवरचा मजकूर वाचायचा आणि डोकं चालवून माणूस शोधायचा. 'लाडक्या आजीस' असं लिहिलेली फीत होती. शेवाळलेल्या दगडावर नीट दिसेना, पण अक्षरं गोल आणि मऊ वाटली, तिथे ठेवली. (नंतर कळलं, ते जुन्या शेरीफचं थडगं.) 'शांत झोप, बाळा' ही फीत एका नव्वदीच्या पाद्र्याच्या वाट्याला गेली. एक पुष्पचक्र मात्र भारी होतं. लाल गुलाबांचं, बँजोच्या आकाराचं, सोनेरी फितीवर लिहिलेलं: 'माझ्या हृदयाच्या राजास'. हे तर सोपं होतं! या खोऱ्यात बँजो वाजवणारा एकच, व्हर्जिल टेट. बिचारा जन्मभर अविवाहित राहिला. म्हटलं, कुणीतरी त्याच्यावर जीव टाकणारी होती तर! माझे डोळे पाणावले. चक्र त्याच्या दगडाला टेकवून ठेवलं.

दहाच्या सुमारास मेथडिस्ट आले, हातात तळलेल्या कोंबडीची भांडी घेऊन. मी सहीचा कागद घेऊन फाटकाजवळ उभा, चेहरा देवदूताचा.

आधी शेरीफच्या नातवाची किंकाळी आली. मग पाद्र्याच्या सुनेची. मग सगळ्यांच्या आवाजावर चढून लोरीनचा आवाज आला. लोरीन म्हणजे ओपलबाईंची नणंद.

"ओपल! माझ्या भावाचं थडगं ओकंबोकं, आणि तुझं चक्र व्हर्जिल टेटच्या उशाशी? मला तेव्हापासून संशय होता! लग्नाआधी तो तुमच्या ओसरीवर बसून वाजवायचा, ते काय मी विसरले?"

सगळं कब्रस्तान वळून ओपलबाईंकडे पाहायला लागलं. कोंबडीचा घास हातात, हात हवेत.

ओपलबाई पांढऱ्या पडल्या. आता बोललो तर सही गेली, सही गेली तर कॉलेज गेलं! न बोललो तर एका बाईची अब्रू गेली! कागद खिशात कोंबला आणि पुढे निघालो. पण गुडघ्यांमुळे टेकडी चढायला मला वेळ लागतो, आणि तेवढ्यात ओपलबाईंचा बांध फुटला.

"हो, समज मीच ठेवलं! काय म्हणणं आहे? तुझ्या भावाचा बँजो तीस वर्षं भिंतीवर लटकला, एक सूर नाही निघाला त्यातून! व्हर्जिलला निदान वाजवता तरी येत होतं!"

"ओपलबाई," मी धापा टाकत म्हणालो, "चक्र मी हलवलं. काल सगळी फुलं मीच उचलली. जुनी समजून."

त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. जन्मात माझ्याकडे कुणी तसं पाहिलं नव्हतं, गिरणीच्या करवतीनंसुद्धा नाही.

"क्लोव्हिस हेन्सली," त्या दातांवर दात ठेवून म्हणाल्या, "हे तू दोन मिनिटं आधी सांगायला काय झालं होतं?"

"गुडघे, बाई."

लोरीन मटकन शेजारच्या दगडावर बसली. कुणीतरी तिला लिंबू सरबत दिलं. पंगत झाली, पण गाणी काही जमली नाहीत. बँजोचं नाव काढायची कुणाची छातीच नव्हती!

शेवटी मी कागद काढला. फाडतील असं वाटलं होतं. पण ओपलबाईंनी पेन मागितलं.

"सही करते. पण हातात डिप्लोमा पडेपर्यंत दर शनिवारी इथलं गवत तू कापायचंस. शब्द दे."

दिला! कॉलेजसाठी मी टेकडीसुद्धा चावून खाल्ली असती.

सोमवारी टॅलीला गाडीत बसवून ऑफिसात गेलो. ती गाडीतच फोन बघत बसली. खिडकीतल्या मुलीनं कागद वाचला, मग मला न्याहाळलं.

"आजोबा, हे कशाला आणलंत?"

"सेवेचे तास! फुकटच्या कॉलेजचे!"

"ती अट शाळेतून थेट येणाऱ्या पोरांना आहे. त्यांची योजना वेगळी, तुमची वेगळी. तुम्हाला काही नाही. तुम्ही फक्त पास व्हायचं!"

"मग हे मी केलं ते?"

"ते तुम्ही हौसेनं केलंत," ती म्हणाली आणि कागद प्रेमानं परत दिला.

गाडीत येऊन बसलो. पाच मिनिटं चावी सापडेना, ती हातातच होती.

"टॅली, तुझ्या त्या सेवेचं काय? आज शेवटची तारीख ना?"

"माझे तास केव्हाच भरले, आजोबा," ती फोनवरून नजर न उचलता म्हणाली. "कॉलेजच्या अभ्यासिकेतल्या बाईंनी सहीसुद्धा दिली."

"काय केलंस तू?"

"तुझ्या शेजारी बसले. 'एका वृद्ध विद्यार्थ्यास अभ्यासात मदत' असं लिहिलंय."

मदत! पोरगी माझे बिस्किटांचे पुडे संपवत होती!