चेअरमनसाहेबांचं वजन

सुंदररावांनी सभेत ठणकावून सांगितलं होतं, यंदा साखर कारखान्याचा अभ्यासदौरा मालदीव बेटांवर जाणार, आणि तोही छोट्या खासगी विमानानं! तिथं ऊस पिकतच नाही, असं मागून कुणीतरी म्हणालं. चेअरमन डगमगले नाहीत.

"म्हणूनच जायचं. दुष्काळात आपलाबी पिकंना. उसाबिगर लोक कसे जगतेत, ते बघून येतो."

टाळ्या पडल्या, कारण टाळ्यांनंतर जेवण होतं.

निघायच्या आदल्या दिवशी वैमानिक कारखान्यावर आला. विमान लहान, वजन जास्त झालं तर समुद्रात बुडायची पाळी, तेव्हा माणसं सामानासकट मोजायची, असं त्यानं बजावलं. सुंदररावांचा उमापूरचा मेव्हणा बंकट मोठा उत्साही. त्यानं सगळ्यांना उसाच्या ट्रॉलीत बसवलं आणि ट्रॉली थेट कारखान्याच्या वजनकाट्यावर नेली. आत चेअरमन, त्यांच्या पत्नी वच्छलाबाई, तीन गलेलठ्ठ संचालक, बॅगा, आणि समुद्राचं पाणी खारट म्हणून वच्छलाबाईंनी घेतलेली भरली कळशी.

रिकाम्या ट्रॉलीचं वजन वजा केल्यावर वैमानिक खूश झाला. "अरे वा, अजून दोघं आरामात बसतील."

सुंदररावांनी काट्याचा आकडा पुन्हा वाचला. हा काटा ट्रॉलीमागं किती ऊस गिळतो, हे त्यांना आणि संचालकांनाच ठाऊक होतं.

"आपण दुसरीकडं मोजू," ते हळूच म्हणाले.

"कावून?" बघ्यांतून उत्तरेश्वर नावाचा सभासद पुढं आला. "आमचा ऊस इथंच मोजता की. काटा चोख हाय म्हणून नारायणगडाची शपथ घेतली तुमी."

"चोखच हाय. पण लोक टँकरची वाट बघत असताना मी बेटावर जाऊ? मन घेत न्हाई बाबा."

असं म्हणून ते उतरले. तिन्ही संचालकांनाही त्याच क्षणी जनतेचा कळवळा आला, तेही उतरले. कुणीतरी हार आणला. दौरा गेला पण पुढची निवडणूक हाती आली, अशा हिशेबानं सुंदररावांनी मान पुढं केली.

वच्छलाबाई मात्र कळशी धरून ट्रॉलीतच बसून होत्या.

"तुमी ऱ्हावा, मी जाते. येवढं पाणी एका जागी कवा बघायचं? बंकट, भावजयांना बोलव. जागा हाय म्हणतेत."

बंकटनं भराभर बायका चढवल्या, सामान चढवलं. ट्रॉली पुन्हा मोजली. "बसतंय. सकाळी निघू," वैमानिक म्हणाला.

सुंदरराव ट्रॉलीकडं धावले. खुर्ची प्यारी होती, पण बायकोही काही कमी प्यारी नव्हती, हे त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कळत होतं.

"वच्छला, उतर खाली."

"कावून? काटा चोख हाय ना?"

"न्हाई! वजन कमी दावतो! बुडशील तू!"

सगळं आवार त्यांच्याकडं वळलं. हार गळ्यातच होता.

वच्छलाबाई सावकाश उतरल्या. "येवढंच सगळ्यांम्होरं ऐकायचं होतं. बंकटचा ऊसबी ह्याच काट्यावर येतो."

मग त्यांनी कळशी नवऱ्याच्या हातात दिली. "घ्या, घोटभर प्या. आता लई वेळ बोलावं लागंल तुमाला."