महाराजांखालची माती

एका जंगलात, पौषातल्या एका गुरुवारी, सकाळी साडेसात वाजता राजाच्या गुहेसमोरच्या कुरणात ही घटना घडली. हजर प्राणी दोनशे. दव भरपूर.

मुलांनो, त्या कुरणात रेवू नावाची सशीण आपल्या सात पिल्लांसह चरायची. पण सिंहमहाराजांना पाहुण्यांसाठी मऊ, एकसारखी हिरवळ हवी होती. म्हणून जुनं गवत खणून काढलं, भोवती काटेरी कुंपण घातलं.

"वीस दिवस कळ काढ, रेवू," उद्यान अधिकारी कोल्हेसाहेब म्हणाले. "मग कडेकडेनं चरायला मोकळी."

वीस दिवस पाला खाऊन निघतील, असा रेवूनं हिशेब केला.

नियम साधा होता. माती अठरा अंशांवर गेली की हरळीचं बी पेरायचं. त्यासाठी मातीत खुपसायचा तापमापकही आणला होता. पण त्या जंगलाची एक रीत होती. कुठलीही सरकारी मोजणी महाराजांच्या बैठकीपाशीच व्हायची.

महाराज पहाटेपासून एकाच जागी बसले होते. कोल्हेसाहेबांनी अदबीनं त्यांना थोडं सरकायला लावलं आणि त्यांच्याखालच्या मातीत तापमापक खुपसला.

"एकतीस अंश!"

टाळ्या पडल्या.

रेवूचे पंजे गारठले होते. एक पाय वर उचलून ती म्हणाली, "साहेब, इथं कुंपणापाशी माती बर्फासारखी आहे. पाय ठेवून बघा."

"तुझा पाय प्रमाणित आहे का?"

"नाही."

"मग खाली ठेव."

बी पेरलं. वीस दिवस गेले, चाळीस गेले. एक कोंब आला नाही. बी बरंचसं तितरांनी टिपलं, उरलेलं कुजलं. चौकशी बसली. सशीण कुंपणाबाहेरून टक लावून बघत असल्यानं बी बुजलं, असा निष्कर्ष निघाला. रेवूनं तोंड फिरवून बसावं, असा हुकूम झाला.

ती तोंड फिरवून बसली. पाला संपला होता. पिल्लं झाडांच्या साली कुरतडू लागली.

चैत्रात माती खरोखर तापली. रेवू धावत गेली.

"साहेब, आता पेरा! पाय भाजतोय!"

"महाराज थंड हवेच्या डोंगरावर गेलेत," कोल्हेसाहेब म्हणाले. "बैठक नाही, तर मोजणी कुठली? मोजणी नाही, तर पेरणी कुठली?"

"मग निदान कुंपण तरी काढा. तण उगवलंय, पिल्लं तेवढं तरी खातील."

"वेडी का तू? हिरवळ तुडवली जाईल ना!"

तात्पर्य: मुलांनो, पेरण्याआधी मातीला विचारत बसू नये. राजा बसतो तिथं ऊब असतेच, आणि उगवलं नाही तर बघणाऱ्याची नजर वाईट असते. हिरवळीचा अहवाल साठ पानांचा आहे. रेवूपाशी आज तीन पिल्लं आहेत. उरलेल्या चारांबद्दल अहवालात एक ओळही नाही, आणि ती कोणी लिहायची होती, हे अजून कोणी सांगितलेलं नाही.